मेहकर केव्हाच मागे पडले!

"अरे, मेहकर आलं का?" मागच्या सीटवरून आजींनी विचारले.

"आई, मेहकर केव्हाच मागे पडलं. आता जालना येईल," स्टीअरिंगवरची नजर न हलवता मुलाने सांगितले.

आजी काही बोलल्या नाहीत. काचेला टेकून बाहेर बघत राहिल्या. बाहेर बघण्यासारखे होते तरी काय? काँक्रीटचा सरळ पट्टा, कडेचे लोखंडी कठडे आणि त्यापलीकडे भराभर मागे पळणारी तुरीची शेते. त्यातले एखादे शेत आपल्या भावाचे असेल, असेही आजींच्या मनात येऊन गेले असेल. कारण त्यांचे माहेर मेहकरच्या पुढे, सुलतानपूरला. लग्नानंतरची चाळीस वर्षे त्या नागपूरहून एसटीने माहेरी जात. त्या प्रवासात मेहकर आले, की पिशव्या आवरायच्या, मुलांची तोंडे पुसायची आणि केसांवरून हात फिरवायचा, हे ठरलेले. गेल्या वर्षी मात्र मेहकर म्हणजे एक पाटी होती. ती आली आणि गेली, त्या वेळी आजींचा डोळा लागला होता.

हे नागपूरचे कुटुंब तेव्हा समृद्धी महामार्गाने ठाण्याला धाकट्या मुलाकडे निघाले होते. सकाळी सहाला निघून संध्याकाळच्या चहाला ठाण्यात पोचले. वेळेचा विक्रम झाला म्हणून सगळ्यांनी मुलाचे कौतुक केले. "प्रवास कसा झाला?" असे सुनेने विचारले, तेव्हा मात्र कोणालाच काही सांगता येईना. दहा वर्षांच्या नातवाने एकूण किती बोगदे लागले ते सांगितले, इतकेच.

या रस्त्याची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही. नागपूर ते मुंबईजवळचे आमणे हा ७०१ किलोमीटरचा मार्ग. त्याचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. पूर्वी जिथे पंधरा-सोळा तास हाडे खिळखिळी करून घ्यावी लागत, तिथे आता आठ तास पुरतात. आजारी माणसाला मोठ्या रुग्णालयात न्यायचे असो, की नाशवंत भाजीपाला बाजारात पोचवायचा असो, या वाचलेल्या तासांची किंमत पैशात मोजता येणार नाही. रायपूर, बिलासपूर, जबलपूरकडच्या मराठी मंडळींनाही आता मुंबई-पुणे जवळ आल्यासारखे वाटते, ते याच रस्त्यामुळे.

पण हा रस्ता दहा जिल्ह्यांतून जातो आणि एकाही गावात शिरत नाही. ज्यांच्या शेतांमधून तो गेला, त्यांची मोटारसायकलसुद्धा त्यावर चढू शकत नाही. दुचाकीला तिथे बंदीच आहे. ताशी १२० किलोमीटरच्या वेगाने मिनिटाला दोन किलोमीटर मागे पडतात. म्हणजे एक संत्रे सोलून होईपर्यंत तीन-चार गावे संपलेली असतात!

शिवाय या सरळपणाची दुसरी बाजू फार गंभीर आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजाजवळ एका खासगी प्रवासी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ प्रवाशांचा जीव गेला. त्यानंतर या महामार्गावरच्या सुरक्षिततेची खूप चर्चा झाली. वळण नाही, चढ नाही, समोरून कोणी येत नाही, अशा रस्त्यावर डोळे उघडे असूनही चालकाचे मन झोपी जाते. वाहतुकीच्या अभ्यासकांनी याला 'रस्त्याचे संमोहन' म्हटले आहे. त्यावरचा उपाय कोणालाही ठाऊक असलेला आहे : दर दोन-अडीच तासांनी थांबणे, उतरणे, चार पावले चालणे. मग थांबायचेच आहे, तर पेट्रोलपंपाशेजारच्या वेफर्सच्या दुकानापाशीच का थांबायचे?

यंदा दिवाळीनंतर ठाण्याला नातीचे बारसे ठरले. बारसे रविवारी होते. आजींनी आधीच बजावले, "शुक्रवारी निघू. आणि मेहकरला मला उठवायचं नाही, उतरवायचं."

मुलाने थोडी कुरकुर केली. रस्ते खराब असतील, वेळ जाईल, टोल दोनदा पडेल. यातली टोलची भीती तर बरीचशी खोटीच आहे. समृद्धीवर टोल घेतात तो अंतराच्या हिशोबाने आणि बाहेर पडताना. जेवढे अंतर कापले तेवढेच पैसे. मध्ये उतरून पुढच्या इंटरचेंजवरून पुन्हा चढले, तर पूर्ण प्रवासाचा टोल पुन्हा भरावा लागत नाही. वेळ मात्र जातो, हे खरे. तो घालवण्यासाठीच तर उतरायचे!

खरे म्हणजे मेहकरच्याही आधी कारंजा लाड येते. ज्यांच्याकडे सवड असेल, त्यांनी तिथेही उतरावे. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तभक्तांना हे गाव माहीत आहेच. पण एकेकाळी ही वऱ्हाडातली श्रीमंत बाजारपेठ होती, हे तिथल्या जुन्या वेशी आणि जैन मंदिरातले लाकडी कोरीव काम पाहिले की पटते. इथल्या कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट गावात अजून सांगतात. कस्तुरी विकायला आलेल्या व्यापाऱ्याला कोणी गिऱ्हाईक मिळेना. तेव्हा इथल्या एका सावकाराने ती सगळी कस्तुरी विकत घेतली आणि हवेलीच्या बांधकामाच्या चुन्यात कालवली! गोष्ट खरी की खोटी, हे इतिहासकारांनी ठरवावे. ऐकायला मात्र झकास आहे. याच कारंज्यावरून मूर्तिजापूर-यवतमाळ ही 'शकुंतला' नावाची छोटी गाडी धावत असे. १९९४ सालापर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. आता गाडी बंद आहे. पण गावातल्या वयस्कर माणसाजवळ शकुंतलेचे नाव काढून बघा, अर्धा तास कसा गेला ते कळणार नाही.

आपले कुटुंब मात्र थेट मेहकरला उतरले. नागपूर सोडल्यापासून तीन तासही झाले नव्हते. पैनगंगेच्या काठचे हे जुने गाव. इथल्या शारंगधर बालाजीच्या मंदिरात सुमारे अकरा फूट उंचीची काळ्या पाषाणाची विष्णुमूर्ती आहे. १८८८ मध्ये जमिनीत खोदताना ती सापडली. इंग्रज अधिकारी ती विलायतेला नेणार, अशी कुणकुण लागताच गावकऱ्यांनी घाईघाईने तिची प्रतिष्ठापना करून टाकली, असे मेहकरात सांगतात. नातवाने मान वर करून मूर्ती पाहिली आणि विचारले, "आजी, ही गाडीत मावली असती?" आजी म्हणाल्या, "अरे, म्हणून तर राहिली इथं."

मेहकरहून लोणार पंचवीसेक किलोमीटर. रस्ता साधा आहे, कुठे चांगला, कुठे पॅच मारलेला. गाडीचा काटा साठच्या पुढे जात नाही. पण गंमत अशी, की काटा साठवर आला आणि गाडीतली माणसे बोलू लागली. कापूस वेचणाऱ्या बायका दिसल्या. सोयाबीनच्या कुटाराचे ढीग दिसले. एका वळणावर सीताफळांची टोपली घेऊन म्हातारी बसली होती, तिथे गाडी थांबली. "पिकलेली नको, पोचेपर्यंत राहतील अशी दे माय," आजींनी सांगितले आणि पिशवीभर कच्ची, डोळे उघडलेली फळे घेतली. भाव करताना आजींच्या बोलीत माहेरचे वळण आपोआप आले. सून चकित झाली. वीस वर्षांत तिने सासूबाईंना असे बोलताना ऐकले नव्हते.

लोणारला पोचल्यावर गाव कोणत्याही तालुक्याच्या गावासारखेच वाटते. मग कड्यावर जाऊन उभे राहिले, की पायाखालची जमीन एकदम संपते. समोर जवळजवळ गोलाकार, सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचा खोलगट वाडगा, तळाशी हिरवट पाणी आणि चारी बाजूंना गर्द झाडी. अवकाशातून आलेली उल्का इथल्या काळ्या पाषाणावर आदळली आणि हे विवर तयार झाले. बेसॉल्ट खडकात उल्का आदळून झालेली विवरे जगात फार थोडी आहेत आणि त्यांत इतके चांगले टिकलेले विवर म्हणून लोणारचे नाव घेतात. चंद्र-मंगळावरच्या विवरांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ इथे येतात, ते उगीच नव्हे. त्याचे वय पूर्वी पन्नास हजार वर्षांच्या आसपास धरत. पुढे वेगळ्या पद्धतीने मोजल्यावर ते ५ लाख ७० हजार वर्षे भरले. दोन्ही आकडे ऐकून नातवाने विचारले, "म्हणजे आजीच्या आजीच्याही आधी?"

सरोवराचे पाणी खारे आणि क्षारयुक्त. 'आइन-इ-अकबरी'त या सरोवराचा उल्लेख आहे, काच आणि साबण यांना लागणारे क्षार इथे मिळतात असे त्यात म्हटले आहे. जून २०२० मध्ये हे पाणी अचानक गुलाबी झाले, ते वाचकांना आठवत असेल. त्या वेळी तर्कांना ऊत आला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून सांगितले, की पाणी आटून खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे हा रंग आला. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला.

विज्ञान बाजूला ठेवले, तर लोककथा तयारच आहे. लवणासुर नावाचा दैत्य इथे जमिनीखाली लपला होता. विष्णूने पायाच्या अंगठ्याने वरचे झाकण उडवले आणि त्याला मारले. त्या विष्णूचे नाव दैत्यसूदन. गावातले दैत्यसूदनाचे मंदिर पाहिल्याशिवाय लोणार सोडू नये. बाहेरच्या भिंतींवरची शिल्पे आणि आतल्या छतावरचे कोरीव काम बघताना मान दुखते, पण खाली घ्यावीशी वाटत नाही. घाईने येणारी मंडळी कड्यावरून फोटो काढतात आणि परत फिरतात. त्यांचे हेच मंदिर राहून जाते.

खाली उतरायचे, तर चांगली पादत्राणे हवीत आणि दीड-दोन तास हाताशी हवेत. काठावरच्या जुन्या मंदिरांपैकी काही झाडीत हरवल्यासारखी उभी आहेत. कमळजा देवीचे मंदिर तर पाण्याच्या अगदी जवळ. तिथल्या सासू-सुनेच्या विहिरीची गंमत सांगतात : एका बाजूचे पाणी गोडे आणि दुसऱ्या बाजूचे खारे! सासू कोणती आणि सून कोणती, हे मात्र कोणी सांगत नाही. सुज्ञपणा आहे. हे अभयारण्य असल्याने प्लास्टिकच्या पिशव्या आणि मोठ्याने वाजणारी गाणी गाडीतच ठेवावीत. गुडघे दुखणाऱ्यांनी उतरण्याचा हट्ट धरू नये. वरच्या बाजूची बारमाही धार आणि तिचे कुंड त्यांच्यासाठी आहेच. आजी तिथेच बसल्या. मुलगा आणि नातू खाली जाऊन घामाघूम होऊन परत आले, तेव्हा त्या तिथल्या दोन बायकांशी अशा गप्पा मारत होत्या, की जणू कालच भेटल्या होत्या.

सुलतानपूरला भावाच्या घरी जेवण झाले. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा आणि वर दही. भाऊ ऐंशीच्या घरातले. "ताई, तू वरून जातेस, असं ऐकलं होतं. मी म्हटलं, विमानानं जाते का काय!" ते म्हणाले. सगळे हसले. हसता हसता आजींनी डोळ्यांना पदर लावला. भावंडांची भेट सहा वर्षांनी झाली होती. घरातून महामार्गापर्यंतचे अंतर कितीसे असेल? एका दमात चालण्याइतके नसले, तरी गाडीला ते काहीच नव्हते. गेल्या वर्षी त्या जवळून, दोन मिनिटांत गेल्या होत्या.

तिथून पुढे त्यांनी मुद्दाम जुनाच रस्ता धरला. बीबी, दुसरबीड, किनगाव राजा अशी गावे घेत तो सिंदखेड राजाला जातो. नागपूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारी सगळी रहदारी पूर्वी याच रस्त्याने होती. वाटेत चहाला थांबले, तर हॉटेलवाल्याने आपण होऊन विषय काढला. पूर्वी रात्री दोनलाही भट्टी पेटलेली असायची, आता संध्याकाळी सातला आवरतो. मुलगा पुण्याला कंपनीत लागला. "रस्ता चांगलाच झाला साहेब, त्याला नावं ठेवायची नाहीत. दवाखान्याला आम्हीही त्यानंच जातो. पण माणसं दिसत नाहीत आता," तो म्हणाला. चहाचे पैसे सुट्टे नव्हते, तर "येताना द्या" म्हणाला. येताना कोण या रस्त्याने येणार, हे त्यालाही माहीत होतेच. मुलाने दोन बिस्किटचे पुडे जास्त घेऊन हिशोब पुरा केला.

सिंदखेड राजा म्हणजे जिजाऊंचे माहेर. १२ जानेवारीला इथे लाखो माणसे येतात आणि मग वर्षभर गाव बऱ्यापैकी निवांत असते. त्या निवांतपणातच ते पाहावे. लखुजीराजे जाधवांचा राजवाडा, जिथे १५९८ मध्ये जिजाऊंचा जन्म झाला. रंगमहाल, शिल्पांनी भरलेली पुतळा बारव आणि दगडी बांधाचा मोती तलाव. लखुजीराजांच्या समाधीची भव्य वास्तू तर दुरूनही नजरेत भरते. २०२४ मध्ये या समाधीच्या जतनाचे काम चालू असताना पुरातत्त्व खात्याला जमिनीखाली जुन्या शिवमंदिराचे अवशेष सापडले आणि त्याच्या जवळच शेषशायी विष्णूची मोठी, अखंड मूर्ती निघाली. विष्णू शेषावर पहुडलेला, लक्ष्मी पायाशी आणि खालच्या पट्टीत समुद्रमंथन! शेकडो वर्षे लोक त्यावरून चालत होते.

लखुजीराजांचा शेवट चटका लावणारा आहे. १६२९ साली निजामशाही दरबारात, देवगिरीच्या किल्ल्यावर, त्यांची मुलांसह हत्या झाली. आजींनी नातवाला ही हकीकत मोती तलावाच्या काठी बसून सांगितली. तो पाठ्यपुस्तकात शिवाजी महाराज शिकला होता. पण जिजाऊंना माहेर होते आणि ते असे एका दिवसात उद्ध्वस्त झाले, हे त्याला नवीन होते. "मग त्या कुठे राहायच्या?" त्याने विचारले. "सासरी," आजी म्हणाल्या. "सासर वेरूळचं."

इतक्यात ठाण्याहून फोन आला. "कुठवर आलात?" गेल्या वर्षी या प्रश्नाला किलोमीटरचा आकडा सांगितला होता. यंदा फोन आजींनी घेतला आणि मेहकरपासून सुरुवात केली. पलीकडून धाकटा मुलगा शेवटी म्हणाला, "आई, म्हणजे आज पोचत नाही तर!"

पोचण्याचा प्रश्नच नव्हता. अंधारात तीनशे-साडेतीनशे किलोमीटर गाडी हाकण्यापेक्षा संभाजीनगरला मुक्काम करणे शहाणपणाचे होते. ज्यांना आडवाटेने जायचे आहे, त्यांनी हे पथ्य जरूर पाळावे. आडवाट दिवसाच करावी. दोनच ठिकाणे धरावीत, पाच नव्हेत. पेट्रोलची टाकी आणि पिण्याचे पाणी आधी भरून घ्यावे. काही बघावेसे वाटले, म्हणून महामार्गाच्या कडेला गाडी मात्र कधीही उभी करू नये. इंटरचेंजवरून खाली उतरूनच थांबावे. आणि घरच्या वडीलधाऱ्यांना निघण्याआधी विचारून घ्यावे, की या रस्त्यावर त्यांचे कोण कोण आहे. उत्तर आश्चर्यकारक निघते.

सिंदखेड राजाच्या इंटरचेंजवरून गाडी पुन्हा समृद्धीवर चढली. जालना मागे पडले. सूर्य मावळताना माळीवाड्याजवळ डाव्या-उजव्या बाजूला सगळे शोधू लागले आणि देवगिरीचा तो उभा तुटलेला डोंगर नातवालाच पहिल्यांदा दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी वेरूळला त्यांनी लेण्यांआधी मालोजीराजे भोसल्यांच्या गढीची जागा पाहिली. लेण्यांबद्दल इथे वेगळे सांगायला नको. माहेरापासून सासरापर्यंतचे अंतर नातवाने मोबाईलवर काढले. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास भरले. "समृद्धीनं दीड तास," तो म्हणाला.

"मेण्यातनं किती दिवस लागत असतील रे?" आजींनी विचारले. मुलाने हिशोब सुरू केला. दिवसाला किती कोस, भोई किती, मुक्काम कुठे. तो हिशोब इगतपुरीच्या बोगद्यापर्यंत चालला आणि जुळला नाही.

शनिवारी दुपारी मंडळी ठाण्याला पोचली. पिशवीतली सीताफळे अजून टणक होती. आजींनी ती तांदळाच्या डब्यात घालून ठेवली. बारशाच्या दिवशी सकाळी डबा उघडला, तर घरभर वास सुटला होता.